ख्वाजा अहमद अब्बास : बातमी, कथा आणि पडदा

नववीच्या वर्गात आम्ही एकदा ख्वाजा अहमद अब्बास यांची ‘अबाबील’ ही कथा वाचून दाखवली. ती नेमलेल्या पुस्तकातली नव्हती. पावसामुळे मुले कमी होती, तास मोकळा होता, म्हणून वाचली. कथा संपल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, ये वहीच अब्बास क्या, अमिताभ को पहला पिक्चर देनेवाले?” आम्ही हो म्हणालो. लगेच त्याचा दुसरा प्रश्न आला, “फिर ये असल में क्या थे सर? कहानीवाले की पिक्चरवाले?” आम्ही “दोनों” असे उत्तर दिले आणि घंटा झाली. पण ते उत्तर पुरे नव्हते. कारण अब्बास या दोन्हींच्या आधी बातमीदार होते आणि दोन्हींच्या नंतरही, अगदी शेवटपर्यंत, बातमीदारच राहिले.

त्या मुलाचा प्रश्न मात्र नवा नाही. उर्दूच्या जाणत्या मंडळींनी तो फार पूर्वीच विचारला आहे. कृष्ण चंदर, राजिंदर सिंह बेदी, इस्मत चुग़ताई, मंटो ही नावे एका दमात घेतली जातात आणि अब्बासांचे नाव घेताना आवाज किंचित खाली येतो. कथा लिहिता येत होती, पण वृत्तपत्राने आणि सिनेमाने माणूस खाल्ला, असा एक निवाडा आहे. दुसरा निवाडा त्यांच्या चाहत्यांचा. त्यांच्या मते वृत्तपत्र, पुस्तक आणि पडदा हे एकाच लेखणीचे तीन रस्ते होते आणि तिन्ही सारखेच मोलाचे. आम्हाला हे दोन्ही निवाडे सोपे वाटतात. पहिल्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात भाबडेपणा. अब्बासांचे लेखन समोर ठेवून पाहिले तर काही ठिकाणी बातमीदाराने कथाकाराला तारले आहे आणि काही ठिकाणी बुडवले आहे. कुठे तारले आणि कुठे बुडवले, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

पानिपत ते मुंबई

अब्बासांचा जन्म 7 जून 1914 रोजी पानिपतचा. मौलाना अल्ताफ़ हुसेन हाली यांच्या घराण्यातला. हालींनी उर्दू काव्याला गुल-ओ-बुलबुलच्या बागेतून बाहेर काढून समाजाच्या दुखण्यापाशी आणून बसवले, हे आपण जाणतोच. साहित्याला काही काम असते, ते नुसते शोभेचे नसते, ही गोष्ट अब्बासांना घरातूनच मिळाली. पुढे अलीगढला शिक्षण. 1933 साली बी. ए., 1935 साली कायद्याची पदवी. अलीगढला असतानाच त्यांनी ‘अलीगढ ओपिनियन’ नावाचे विद्यार्थ्यांचे पत्र काढले. वकिली केली नाही. 1935 साली ते मुंबईला ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये आले आणि मग 1 जून 1987 रोजी याच शहरात त्यांचे निधन होईपर्यंत मुंबईचेच राहिले. म्हणजे बावन्न वर्षे ते महाराष्ट्रात राहिले.

‘क्रॉनिकल’मध्ये ते बातम्या देत आणि चित्रपटांवरही लिहीत. ‘लास्ट पेज’ हे त्यांचे सदर तिथेच सुरू झाले, 1947 साली ते करंजियांच्या ‘ब्लिट्झ’मध्ये गेले आणि त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. उर्दू ‘ब्लिट्झ’मध्ये ते ‘आज़ाद क़लम’ या नावाने येई. चाळीस वर्षांहून अधिक काळ दर आठवड्याला शेवटचे पान भरणे म्हणजे काय, हे ज्याने एखादे वर्षही सदर चालवले आहे त्यालाच कळेल. ईद असो की घरात आजारपण असो, पान रिकामे जात नाही. या पानासोबत उर्दू, इंग्रजी आणि हिंदीत मिळून सत्तरांहून अधिक पुस्तके झाली. कथा, कादंबऱ्या, प्रवासवर्णने, ख्रुश्चेव्ह, गागारिन आणि इंदिरा गांधी यांच्यावरची पुस्तके, आणि 1977 साली आलेले ‘आय ॲम नॉट ॲन आयलंड’ हे आत्मचरित्र. पडद्यासाठी लिहिलेल्या पटकथा आणि स्वतः दिग्दर्शित केलेले चित्रपट यांचा हिशेब वेगळाच.

एवढा पसारा पाहिला की आधी शंका येते. इतके लिहिणारा माणूस चांगले केव्हा लिहीत असेल? ही शंका रास्त आहे. म्हणून आपण पसाऱ्याकडे न पाहता चार-पाच कृतींकडे पाहू.

पाकोळ्या आणि सरदारजी

‘अबाबील’ म्हणजे पाकोळी. अब्बासांच्या सुरुवातीच्या कथांपैकी ही एक. रहीम ख़ान नावाचा एक शेतकरी. गावात त्याच्याइतका क्रूर माणूस नाही. बैलांना मारतो, मुलांना मारतो, बायकोला मारतो. मुले पळून जातात, शेवटी बायकोही निघून जाते. एकटा पडलेल्या या माणसाला घराच्या छपरात पाकोळ्यांचे घरटे दिसते. तो पिलांना आपल्या पळून गेलेल्या मुलांची नावे देतो. मुसळधार पावसाच्या रात्री घरट्यावर पाणी गळू लागते तेव्हा तो छपरावर चढून भोक बुजवतो, भिजतो, तापाने फणफणतो. गावातले लोक त्याला मुलांच्या नावाने हाका मारताना ऐकतात आणि वेड लागले म्हणून पुढे जातात. तो तसाच मरतो.

या कथेत अब्बास कुठेही उपदेश करत नाहीत. रहीम ख़ान असा का झाला हे सांगायला त्यांना दोन गोष्टी पुरतात. तरुणपणी त्याला सर्कशीत जायचे होते, ते बापाने होऊ दिले नाही. राधा नावाच्या मुलीवर त्याचे मन होते, तिथेही लग्न झाले नाही. बस्स. समाज, रूढी, जात, धर्म यांवर एक वाक्य नाही, पण सगळे तिथे आहे. आणि आपल्या वाचकाला ‘अबाबील’ या शब्दाबरोबर आणखी काही आठवते. क़ुरआनमध्ये हत्तींचे सैन्य घेऊन आलेल्या मग्रुरांना अबाबीलांच्या थव्यांनी दगडांचा मारा करून नमवल्याचा उल्लेख आहे. अब्बासांच्या पाकोळ्यांच्या चोचीत दगड नाहीत. तरीही एक मग्रूर माणूस नमतो. लेखकाने हे मनात धरले होते की नाही, हा वाद आम्ही घालणार नाही. वर्गातल्या मुलांनी मात्र ते न सांगता ओळखले.

आता ‘सरदारजी’ घ्या. फाळणीच्या दंगलींवरची ही कथा. निवेदक शेख़ बुरहानुद्दीन हा दिल्लीतला सरकारी नोकर. त्याला शिखांचा तिटकारा आहे. पहिली काही पाने तो शिखांवर मन मानेल तसे बोलतो, ऐकीव विनोद सांगतो. पुढे दिल्ली पेटते तेव्हा शेजारचे सरदारजीच त्याला आपल्या घरात लपवतात आणि त्याला वाचवताना स्वतःचा जीव देतात. रावळपिंडीला एका मुसलमानाने त्यांच्या घरच्यांना वाचवले होते, ते कर्ज फेडायचे होते. कथेचा सगळा रोख बुरहानुद्दीनच्या मनातल्या विषावर आहे. पण लोकांनी बुरहानुद्दीनचे शब्द अब्बासांचे मानले. शीख समाजात संताप उसळला, अलाहाबादला खटला झाला. पुढे ही कथा ‘मेरी मौत’ या नावानेही छापली गेली.

असे का व्हावे? वाचक अडाणी होते म्हणून सोडून देणे सोपे आहे. आम्हाला वेगळे वाटते. सदर लिहिणाऱ्या माणसाचा ‘मी’ हा खरा ‘मी’ असतो. दर आठवड्याला ‘मला असे वाटते’ म्हणणारा लेखक एके दिवशी कथेत ‘मी’ म्हणतो, तेव्हा वाचक त्याच सवयीने वाचतो. शिवाय सदर कुठेही सोडले तरी मुद्दा हाती लागतो, तसे लिहायची लेखकाला सवय असते. ‘सरदारजी’ मात्र अर्ध्यावर सोडली तर तिचा अर्थ उलटा होतो. अब्बासांच्या सदराने त्यांना हजारो वाचक दिले आणि त्याच वाचकांनी त्यांची एक चांगली कथा चुकीची वाचली. तीन क्षेत्रांत वावरण्याची ही किंमत आहे. चाहते ती हिशेबात धरत नाहीत.

आणि तरीही आम्ही ‘सरदारजी’ला फसलेली कथा म्हणणार नाही. स्वतःच्या समाजातल्या माणसाच्या तोंडी दुसऱ्या समाजाविषयीचा द्वेष घालणे आणि तो द्वेष शेवटी त्याच्याच गळ्यात घालणे, याला हिंमत लागते. दंगलीवर लिहिताना आपण बहुधा समोरच्याच्या विषाची मोजदाद करतो. अब्बासांनी आपल्या घरातली बाटली आधी उघडली. आपल्या लेखकांनी, आम्हीही त्यांतच, हे शिकण्यासारखे आहे.

सोलापूरचा डॉक्टर, मुंबईचा बातमीदार

आम्ही सोलापूरचे. त्यामुळे अब्बासांच्या ज्या पुस्तकाविषयी उर्दू समीक्षा फारसे बोलत नाही, ते आम्हाला जवळचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे आमच्या गावचे. 1938 साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांत कोटणीस होते. चार परत आले. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. परत आलेल्यांपैकी डॉ. बसूंकडून अब्बासांनी ही हकीकत ऐकली आणि 1944 साली ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे पुस्तक इंग्रजीत लिहिले. आणि एक परत आला नाही! बातमीच्या मथळ्यासारखे नाव, पण त्या मथळ्यात मरसियाचा सूर आहे.

या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (1946) काढला, त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः केली. पटकथेत अब्बासांबरोबर वसंत साठे होते. हेच साठे पुढे ‘आवारा’ आणि ‘श्री 420’मध्येही अब्बासांचे सहलेखक. पानिपतचा उर्दू लेखक, मराठी सहलेखक, मराठी दिग्दर्शक आणि सोलापूरचा नायक. आज आमच्या गावात कोटणीसांचे स्मारक आहे, चीनमधून पाहुणे येतात. पण ही कहाणी भारतभर पोचवणारी पहिली लेखणी कोणाची होती, हे आमच्या शाळेतल्या मुलांना तर सोडाच, शिक्षकांच्या खोलीतही एकदम सांगता येत नाही. आम्हालाही ते उशिराच कळले.

या ठिकाणी बातमीदाराने लेखकाला तारले आहे. कोटणीसांवर कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाने दहा वर्षे घेतली असती. अब्बासांनी माणूस जाऊन दोन वर्षे होतात न होतात तोच पुस्तक हाती दिले, कारण लढाई चालू होती आणि वाचकाला ते तेव्हाच हवे होते. घाई हा नेहमीच दोष नसतो. बंगालच्या 1943 च्या दुष्काळाचेही तसेच. इप्टाच्या मंडळींना घेऊन अब्बासांनी ‘धरती के लाल’ (1946) हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा त्या दुष्काळाला तीनच वर्षे झाली होती. बिजन भट्टाचार्यांची नाटके आणि कृष्ण चंदर यांची ‘अन्नदाता’ ही कथा त्यासाठी आधाराला घेतली. त्याच वर्षी कानच्या महोत्सवात गौरवलेल्या चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’च्या लेखनातही ते होते. दुष्काळ ताजा असताना तो पडद्यावर आणणे हे वृत्तपत्रात घडलेल्या माणसालाच सुचले.

कमावले एका घरी, घातले दुसऱ्या घरी

पडद्यावरचे अब्बास दोन आहेत. एक राज कपूरसाठी लिहिणारे. ‘आवारा’ (1951), ‘श्री 420’ (1955), ‘मेरा नाम जोकर’ (1970), ‘बॉबी’ (1973). दुसरे ‘नया संसार’ या आपल्या संस्थेतून स्वतःचे चित्रपट काढणारे. पहिल्यांचे चित्रपट देशात आणि सोव्हिएत संघात गाजले. दुसऱ्यांचे बहुतेक चित्रपट तिकीट खिडकीवर पडले. पहिल्यांनी कमावलेले पैसे दुसऱ्यांनी घालवले, असे थट्टेने म्हणता येईल. पण थट्टा बाजूला ठेवून कलेच्या अंगाने पाहिले तर एक अवघड गोष्ट समोर येते. अब्बासांचे विचार राज कपूरच्या चित्रपटांत कित्येकदा अधिक जिवंत झाले आहेत.

‘आवारा’चा मुद्दा काय? चांगल्या माणसाचे मूल चांगले निपजते आणि चोराचे चोर, असे मानणारा एक न्यायाधीश. म्हणजे रक्त मोठे की परिस्थिती, हा सदराचाच विषय. पण अब्बासांनी तो बाप-लेकात आणला. न्यायाच्या खुर्चीवर बाप, आरोपीच्या पिंजऱ्यात लेक. आता मुद्दा मांडावा लागत नाही, तो दोघांच्या चेहऱ्यावर दिसतो. ही कथा आधी मेहबूब ख़ान यांच्याकडे गेली होती. बाप-लेकाच्या भूमिका खऱ्या बाप-लेकांनी, पृथ्वीराज आणि राज कपूर यांनी, कराव्यात असा अब्बासांचा आग्रह होता. मेहबूब यांच्या मनात वेगळे नट होते. अब्बासांनी कथा परत घेतली. एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाला नाही म्हणण्यात नुसती जिद्द नव्हती. कथेचा प्राण त्या नात्यात आहे, हे त्यांना कळले होते.

याउलट ‘सात हिंदुस्तानी’ (1969). गोव्याच्या मुक्तीची गोष्ट. देशाच्या सहा भागांतले सहा पुरुष आणि गोव्याची एक मारिया. उर्दू कवी अन्वर अलीच्या भूमिकेत अमिताभ बच्चन, हा त्यांचा पहिला चित्रपट. अब्बासांनी मुद्दाम नटांची अदलाबदल केली. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, मल्याळी मधू बंगाली झाले आणि जलाल आग़ा पोवाडे गाणारा आपला सखाराम शिंदे. कोणताही हिंदुस्तानी कोणत्याही प्रांताचा असू शकतो, हा विचार सुंदर आहे. राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार त्याला मिळाला हेही योग्यच. पण चित्रपट पाहताना सात माणसांपेक्षा नकाशा अधिक दिसतो. प्रत्येकाने आपल्या प्रांताचे ओझे उचलले आहे, स्वतःचे असे ओझे फार थोड्यांना आहे. त्यातल्या त्यात अन्वर अली मनात राहतो. छळ सोसून तोंड न उघडणारा हा हडकुळा शायर, त्याला अब्बासांनी आपल्यातले काहीतरी दिले आहे. त्यांच्या ‘इन्क़िलाब’ या कादंबरीचा नायकही अन्वरच आहे, हे उगीच नसावे.

म्हणजे आमच्या मते फरक माध्यमाचा नाही. ‘अबाबील’ आणि ‘आवारा’, एक कथा आणि एक चित्रपट, दोन्ही एकाच कारणाने साधले आहेत. तिथे विचाराला राहायला घर मिळाले. रहीम ख़ानचे छप्पर, न्यायाधीश रघुनाथचा वाडा. ‘सात हिंदुस्तानी’त विचार उघड्या मैदानावर उभा राहतो आणि भाषण करतो.

स्वतःच्या चित्रपटांपैकी ‘शहर और सपना’मध्ये (1963) मात्र त्यांना असे घर सापडले, आणि तेही शब्दशः. मुंबईत जागा न मिळालेले एक जोडपे रस्त्याकडेच्या मोठ्या नळात संसार मांडते. मुंबईतल्या जागेच्या टंचाईवर अब्बासांनी सदरात लिहिले असेल ते लिहिले असेल, पण तो नळ पाहिल्यावर लेखाची गरज उरत नाही. नवे चेहरे, जोडीला नाना पळशीकरांसारखा मराठी नट आणि थोडक्या पैशांत काढलेला हा चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाला पात्र ठरला. इथे आपल्याला आचार्य अत्रे आठवल्याशिवाय राहत नाहीत. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला. तेच अत्रे ‘मराठा’चे संपादक, तेच नाटककार, तेच विडंबनकवी. अत्रे हे असल में काय होते, असा प्रश्न मराठी माणूस विचारत नाही. अत्रे हे अत्रे होते, एवढे त्याला पुरते. उर्दूने अब्बासांना ही सवलत दिली नाही आणि बावन्न वर्षे शेजारी राहूनही मराठीने त्यांना आपल्या ओसरीवर बोलावले नाही.

सोळा मिनिटांचा माहितीपट

शेवटी एक प्रसंग नोंदवतो. त्यात तिन्ही अब्बास एकत्र दिसतात. 1968 च्या सुमारास त्यांनी ‘चार शहर एक कहानी’ हा सोळा मिनिटांचा माहितीपट काढला. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली. एकीकडे श्रीमंतीचा थाट, दुसरीकडे तो थाट उभारणाऱ्यांची दैन्यावस्था. त्यात वेश्यावस्तीची दृश्ये होती. सेन्सॉरने फक्त प्रौढांसाठी असा दाखला दिला. सर्वांसाठीचा हवा असेल तर ती दृश्ये कापा, असे सरकारने सांगितले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकरण चालू असतानाच सरकारने माघार घेतली आणि कुठलीही काटछाट न करता सर्वांसाठीचा दाखला देण्याची तयारी दाखवली.

दुसरा कोणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासांनी अर्ज दुरुस्त करून घेतला आणि मूळ प्रश्नच उभा केला : चित्रपट लोकांपुढे जाण्याआधी सरकारने तो तपासावाच का? लेख छापण्याआधी तपासला जात नाही, मग चित्रपटच का? 24 सप्टेंबर 1970 रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने निकाल दिला. चित्रपटाचा मनावरचा परिणाम वेगळा असतो, सबब पूर्वतपासणी घटनेला धरून आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे अब्बास हरले. पण लैंगिक विषय आणि अश्लीलता या एकच गोष्टी नव्हेत, कलाकृतीचे मोल लक्षात घेतले पाहिजे, हेही त्याच निकालाने सांगितले. पुढच्या कित्येक चित्रपटांच्या भांडणात हा निकाल वकिलांनी काढून दाखवला आहे.

चित्रपटवाल्याचे काम पहिल्याच टप्प्यावर झाले होते. पुढची लढाई वृत्तपत्रवाल्याची होती. लेखणीला जे स्वातंत्र्य आहे ते कॅमेऱ्यालाही हवे, हे दोन्ही हातांत धरलेल्या माणसालाच इतक्या तीव्रतेने जाणवू शकते. अब्बास नुसते कथाकार राहिले असते तर कदाचित त्यांच्या नावावर आणखी दहा उत्तम कथा असत्या. पण मग हा अर्ज कोणी केला असता?

आमचे स्वतःचे खाते

हा लेख लिहिताना आम्ही तटस्थ नव्हतो, हे सांगून टाकले पाहिजे. गेली सात-आठ वर्षे आम्ही एका स्थानिक वृत्तपत्रात आठवड्याला एक लेख लिहितो. उर्दू शाळांचे प्रश्न, मुलींची गळती, विडी कामगारांची मजुरी. लोक वाचतात, फोन करतात, क्वचित एखादे काम होते. आमच्या ख़ालाजान आयुष्यभर विड्या वळत होत्या. त्या वारल्या तेव्हा त्यांच्यावर एक कथा लिहायला घेतली होती. तीन पाने झाली. मग विडी कामगारांवर लेख हवा आहे असा निरोप आला, आणि त्या तीन पानांतला ऐवज लेखात गेला. लेख चांगला झाला असे सगळे म्हणाले. कथा तिथेच राहिली. कोणी विचारले तर आम्ही अब्बासांचे नाव पुढे करत असू. एवढा मोठा माणूस पत्रकारितेला कमी मानत नव्हता, तर आम्ही कोण?

अब्बास पुन्हा नीट वाचले तेव्हा ही सबब टिकली नाही. अब्बासांनी सदरासाठी कथा सोडली नाही. सदर लिहून झाल्यावर ते कथेला बसले. कथा साधली तेव्हा ती लेखापासून वेगळी राहिली म्हणून साधली. ज्या दिवशी रहीम ख़ानवर लेख झाला असता, त्या दिवशी ‘अबाबील’ मेली असती. ख़ालाजानची मजुरी किती होती हे आम्ही लेखात लिहिले. रात्री पाने कातरताना त्या कोणते गाणे गुणगुणत, मुलगा न सांगता निघून गेला तेव्हा त्यांनी सूप कसे बाजूला ठेवले, याला लेखात जागा नव्हती. ती जागा कथेचीच होती आणि आम्ही ती रिकामी ठेवली.

आपल्यातले कितीतरी जण याच वाटेवर आहेत. समाजाचे प्रश्न तातडीचे आहेत, म्हणून आपण लेख लिहितो, निवेदने लिहितो, भाषणे लिहितो. ते लिहायलाच हवे. अब्बासांनीही ते शेवटपर्यंत लिहिले. पण तातडीच्या नावाखाली कथेला कायम उद्यावर टाकणे हे अब्बासांच्या मार्गाने जाणे नव्हे.

मराठी वाचकाला अब्बास बहुधा चित्रपटाच्या नामावळीतून भेटले आहेत. त्यांनी आता ‘अबाबील’पासून सुरुवात करावी, मग ‘सरदारजी’ शेवटपर्यंत, अर्ध्यावर न सोडता वाचावी, आणि नंतर कोटणीसांचे पुस्तक. या तिन्ही गोष्टी मराठीत नीट आणि एकत्र आल्या पाहिजेत. हे काम उर्दू आणि मराठी दोन्ही घरच्या म्हणून येणाऱ्या आपल्यासारख्यांचेच आहे. दुसऱ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आम्ही ‘अबाबील’ मराठीत करायला घेतली आहे. पहिली दोन पाने झाली आहेत. ख़ालाजानच्या कथेची वहीही कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे.

त्या मुलाला उत्तर द्यायचे राहिले होते. गेल्या महिन्यात तो शाळेत दाखला घ्यायला आला तेव्हा आम्ही त्याला थांबवून म्हणालो, “वो अख़बारवाले थे बेटा. जब अख़बार में बात पूरी नहीं होती थी, तब कहानी लिखते थे.” त्याला दोन वर्षांपूर्वीचा आपला प्रश्न आठवत नव्हता. पाकोळ्यांची कथा मात्र आठवत होती.